समुद्राच्या पाण्यात चुना घातला, सामू चढून परत का उतरला?

सागरगोटा:
पुण्यातल्या प्रयोगशाळेत 20 लिटरच्या काचेच्या टाकीत हरिहरेश्वरचं समुद्राचं पाणी आहे. अल्कलिनिटी (आम्ल पचवण्याची पाण्याची क्षमता) वाढवल्यावर पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड किती ओढतं ते मोजायचंय. बाजारातला विरवलेला चुना 1 ग्रॅम कालवून घातला आणि माशांच्या टाकीचा एअर पंप लावला. सामू (pH) 8.1 वरून 9.1 झाला, पण दुसऱ्या दिवसापासून काचेवर पांढरा थर. पाचव्या दिवशी सामू 7.8 आणि अल्कलिनिटी लिटरमागे 2300 वरून 1700 मायक्रोमोल, म्हणजे मूळ पाण्यापेक्षाही कमी! चुना वाढवू का? आणि हे जमलं तर किनाऱ्यावर छोटी चाचणी घेता येईल का?

निवळी:
वाढवू नका, मुळात तोच जास्त झालाय. 20 लिटरला 1 ग्रॅम म्हणजे लिटरमागे साधारण 1350 मायक्रोमोल अल्कलिनिटी. उष्ण कटिबंधातलं वरचं पाणी ॲरागोनाइटने (कॅल्शियम कार्बोनेटचं एक स्फटिकरूप) आधीच तीन-चार पट अतिसंपृक्त असतं. ही अतिसंपृक्तता सात पटींच्या आसपास गेली की कॅल्शियम कार्बोनेट खाली बसू लागतं, आणि एकदा सुरू झालं की थांबत नाही. त्याचा एक मोल बसला की दोन मोल अल्कलिनिटी जाते आणि कार्बन डायऑक्साइड उलट सुटतो. शिवाय बाजारातल्या जुन्या चुन्यात कार्बोनेटचे कण असतात, त्यांच्यावरच नवे स्फटिक चढतात. थोडक्यात, चुन्यानेच चुना लावला.

आता 0.1 नॉर्मल कॉस्टिक सोडा 50 मिली घ्या, चुंबकीय ढवळणी चालू ठेवून अर्ध्या तासात थेंबाथेंबाने सोडा. एकदम ओतलात तर थेंब पडतो तिथे सामू 10 च्या वर जाऊन मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचे ढग दिसतील. एवढ्याने लिटरमागे 250 मायक्रोमोल वाढतात. अल्कलिनिटीच्या एका मोलला साधारण 0.8 मोल कार्बन डायऑक्साइड धरला, तर अख्ख्या टाकीत जेमतेम 180 मिलिग्रॅम शोषला जाईल. म्हणून शेजारी सोडा न घातलेली तशीच टाकी हवीच.

टायट्रेशनआधी (आम्ल घालून अल्कलिनिटी मोजण्याआधी) नमुना 0.45 मायक्रॉनमधून गाळा. न गाळता आम्ल घातलंत तर तरंगणारं कार्बोनेट त्यात विरघळतं आणि अल्कलिनिटी शाबूत असल्याचा भास होतो.

खाडीकाठ:
पंपाची हवा कुठली? बंद खोलीत चार माणसं असली की कार्बन डायऑक्साइड सहज 800 पीपीएमच्या पुढे जातो. तुमचा सामू 7.8 वर येण्यात त्याचाही वाटा असेल. नळी खिडकीबाहेर काढा आणि हवा आधी साध्या पाण्याच्या बाटलीतून न्या, नाहीतर टाकी आटून क्षारता वाढते. आणखी एक, पुणे साधारण 560 मीटर उंचीवर, हवेचा दाब जवळपास 950 मिलीबार. म्हणजे तीच हवा इथे समुद्रसपाटीपेक्षा कार्बन डायऑक्साइडचा सुमारे 6 टक्के कमी आंशिक दाब देते. हिशेबात धरा. पाणी पावसाळ्यात भरू नका, तेव्हा किनाऱ्याचं पाणी गोडं झालेलं असतं.

निवळी:
बरोबर, दाबाचं माझ्याकडून राहिलंच.

भरतीओहोटी:
किनाऱ्याबद्दल: परवानगीशिवाय बादलीभरही नको, तिथे सीआरझेडचे (किनारा नियमन क्षेत्राचे) नियम आहेत. आणि मिळाली तरी मोजणार काय? वरच्या थराला हवेशी समतोल साधायला महिने लागतात, तोवर पाणी वाहून गेलेलं असतं. ते खोल बुडालं तर शोषण अर्धवटच. चुन्याऐवजी ऑलिव्हिन या खनिजाची पूड टाकायची तर निकेल आणि क्रोमियमही पाण्यात उतरतात.

चुन्याचा ताळेबंदही बघा. भट्टीत चुनखडीतून 1 टन कळीचा चुना निघताना 0.79 टन कार्बन डायऑक्साइड सुटतो, इंधनाचा वेगळा. तोच चुना समुद्रात विरघळून शोषेल साधारण 1.25 टन. भट्टीचा धूर पकडला नाही, तर हाती फारसं उरत नाही.

2009 मध्ये भारत-जर्मनीच्या लोहाफेक्स मोहिमेने शैवाल वाढवून कार्बन खोल न्यायला दक्षिण महासागरात लोह टाकलं, पण त्या पाण्यात सिलिका कमी होती. सिलिकेचं कवच असलेलं डायटम शैवाल वाढलंच नाही, जे दुसरं शैवाल वाढलं ते कोपेपॉडांनी (बारीक कवचधारी प्राण्यांनी) फस्त केलं आणि खोलवर फारच थोडा कार्बन गेला.

सागरगोटा:
कॉस्टिक सोडा मागवलाय. काचेवरचा थर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने काढतो, मगच दोन्ही टाक्या नव्याने भरेन.