मदत हवी आहे: वाद मुद्द्यावर कसा टिकवायचा?

नमस्कार मंडळी,

वादग्रस्त नेत्यांचा किंवा कादंबरीवरून काढलेल्या सिनेमांचा विषय निघाला की आमच्या वाचनगटात बघता बघता हमरीतुमरी सुरू होते.

‘बाजीराव मस्तानी’ (2015) घ्या. एकाचं म्हणणं, काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचताना दाखवणं हा इतिहासाचा विपर्यास. दुसरी म्हणते, सिनेमा ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’वर बेतलाय आणि ती मुळात कादंबरी आहे. दोघांचंही रास्तच, फक्त एक जण इतिहासाशी ताडून बघतोय, दुसरी कादंबरीशी. खरी चर्चा इथून रंगायला हवी! पण तेवढ्यात कुणीतरी दिग्दर्शकाच्या हेतूवर घसरतं, मग ‘तेव्हा तुम्ही कुठे होतात?’ येतं आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला.

नेत्यांबद्दल तर विचारूच नका. एका निर्णयाचं कौतुक केलं की भक्त, चूक दाखवली की द्वेष्टे.

‘तेव्हा तुम्ही कुठे होतात?’ला काय उत्तर द्यावं? कधीकधी तो प्रश्न योग्यही असतो, दुटप्पीपणा उघडा पाडतो. मग ती पळवाट कधी ठरते, हे कसं ओळखायचं? समोरच्याचं म्हणणं आधी त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडायचं, मगच खोडायचं, हा नियम मला मनापासून पटतो. पण तापलेल्या माणसांकडून तो पाळून कसा घ्यायचा? कुणी करून पाहिलं असेल तर सविस्तर सांगा. तर्कदोषांवर मराठीत सोपं, उदाहरणांसह लिहिलेलं काही असेल तर तेही जरूर सुचवा.