हँडिकॅप: गोल्फमधल्या या शब्दाला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

एका क्रीडालेखाचा अनुवाद करते आहे. त्यात एका खेळाडूबद्दल म्हटलंय की दोन वर्षांत तिचा हँडिकॅप २४ वरून ११ वर आला. शब्दकोशात 'अडथळा', 'प्रतिकूलता', 'अपंगत्व', 'अधिभार' असे अर्थ सापडतात. यातला एकही इथे बसत नाही. मी गोल्फ खेळत नाही. हा आकडा कशाचा असतो, तो कसा काढतात आणि मराठीत काय लिहावं, कुणी नीट उलगडून सांगेल का?

प्रतिसाद

गोल्फमध्ये कमीत कमी फटक्यांत १८ होल (चेंडू खळग्यात घालायचे टप्पे) पुरे करायचे असतात; ती एक फेरी. अनुभवी खेळाडूला ७५ फटके लागतील, नवख्याला १००. दोघांनी एकत्र खेळायचं तर निकाल आधीच ठरलेला. म्हणून कच्च्या खेळाडूच्या बेरजेतून काही फटके वजा करतात. किती वजा करायचे ते त्याच्या हँडिकॅपवरून ठरतं. वजाबाकीआधीची बेरीज ती ग्रॉस, नंतरची ती नेट. तेव्हा २४ वरून ११ ही मोठी प्रगती आहे. तिला आता जवळजवळ निम्म्याच सवलतीची गरज उरली आहे.

'अपंगत्व' तर इथे अजिबात नको. शब्दाला तो अर्थ फार उशिरा, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चिकटला. मूळ शब्द 'हॅन्ड इन कॅप', म्हणजे टोपीत हात. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये वस्तूंच्या अदलाबदलीचा एक खेळ होता. दोघांनी आपापली वस्तू पुढे करायची, कोणत्या वस्तूवर वर किती पैसे द्यायचे ते तिसऱ्या पंचाने ठरवायचं. तिघेही टोपीत थोडे पैसे टाकत. मग दोघे टोपीत हात घालून एकाच वेळी बाहेर काढत. हाताच्या खुणेवरून सौदा मान्य की अमान्य ते कळे. सॅम्युअल पीप्सच्या रोजनिशीत १६६० साली या खेळाचा उल्लेख आहे. भिकाऱ्याच्या हातातल्या टोपीवरून शब्द आला, ही सर्रास सांगितली जाणारी कथा खोटी आहे. अठराव्या शतकात शब्द घोड्यांच्या शर्यतीत गेला, तिथून इतर खेळांत. 'दोन असमान गोष्टींत तिऱ्हाइताने समतोल साधणं' हे त्याचं बीज, आणि गोल्फमध्ये ते अजून शाबूत आहे.

दुसरा प्रतिसाद

मग 'अधिभार' का नको? शर्यतीच्या संदर्भात हा शब्द चपखल वाटतो. नाहीतर आपलं 'कच्चं लिंबू' आहेच.

पहिल्या प्रतिसादकाचं उत्तर

'अधिभार' शर्यतीत शोभतो, कारण तिथे ताकदवान घोड्याच्या पाठीवर जास्त वजन चढवतात. ओझं सबळावर. गोल्फमध्ये हिशेब उलटा आहे: दुबळ्याला सूट मिळते, सबळावर सहसा काही लादत नाहीत. '२४ अधिभाराचा खेळाडू' म्हटलं की तो मोठा पट्टीचा असावा असं वाटेल.

'कच्चं लिंबू' मला फार आवडतो, पण तोही चालणार नाही. कच्चं लिंबू बाद झालं तरी बाद धरत नाहीत, त्याचा खेळ हिशेबातच नसतो. गोल्फमध्ये ५४ हँडिकॅपवाल्याचा प्रत्येक फटका मोजला जातो आणि नेट गुणांवर तो रीतसर स्पर्धा जिंकू शकतो.

प्रश्नकर्ती

हे पटलं. पण हा आकडा ठरवतं कोण? मला वाटलं होतं, पारपेक्षा (होलसाठी किंवा पूर्ण फेरीसाठी ठरवून दिलेल्या फटक्यांपेक्षा) सरासरी किती फटके जास्त लागतात तोच हँडिकॅप.

तिसरा प्रतिसाद

बऱ्याच जणांचा हाच समज असतो आणि तो दोन ठिकाणी चुकतो.

२०२० पासून वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिम लागू आहे. त्याआधी जगात सहा वेगवेगळ्या पद्धती होत्या. आर अँड ए आणि यूएसजीए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थांनी त्या एकत्र आणल्या. यात पारवरून नव्हे, तर कोर्स रेटिंग आणि स्लोप रेटिंगवरून हिशेब होतो. शून्य हँडिकॅपच्या खेळाडूला त्या कोर्सवर, म्हणजे मैदानावर, किती फटके लागायला हवेत, तो अंदाज म्हणजे कोर्स रेटिंग, उदाहरणार्थ ७०.२.

स्लोपचं भाषांतर 'उतार' करू नका, जमिनीच्या चढउताराशी त्याचा संबंध नाही. तो आलेखावरच्या रेषेचा कल आहे. शून्यवाल्याच्या तुलनेत साधारण विसाच्या हँडिकॅपवाल्याला कोर्स किती जास्त जड जातो, हे तो सांगतो. कोर्स एकूण किती अवघड, हे त्यावरून कळत नाही. तो ५५ ते १५५ असू शकतो आणि ११३ हा प्रमाण मानलेला आकडा आहे.

आता प्रत्यक्ष आकडेमोड. एकाच खेळाडूच्या दोन फेऱ्या घ्या. पहिल्या कोर्सचं रेटिंग ७०.२, स्लोप १२५, फटके ९२. ९२ मधून ७०.२ गेले, उरले २१.८. त्याला ११३ ने गुणून १२५ ने भागा: १९.७. दुसऱ्या कोर्सचं रेटिंग ६७.९, स्लोप ११०, फटके ८९. उरले २१.१, गुणून-भागून २१.७. या आकड्याला स्कोअर डिफरन्शियल म्हणतात. फलकावर ८९ उजवे दिसतात, पण खरी चांगली फेरी ९२ ची होती. ही पद्धत मला मनापासून आवडते ती याचसाठी. (त्या दिवशीच्या हवेमुळे सगळ्यांचेच गुण बिघडले किंवा सुधारले असतील तर -१ ते +३ एवढी दुरुस्तीही होते.)

दुसरी चूक 'सरासरी' या शब्दात आहे. शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वांत चांगल्या ८ फेऱ्यांची सरासरी म्हणजे हँडिकॅप इंडेक्स. उरलेल्या १२ धरतच नाहीत. म्हणजे हा आकडा तुमची कुवत सांगतो, रोजचा खेळ सांगत नाही. 'हँडिकॅप १८ आहे, मग आज एवढे फटके का गेले?' असं हळहळण्यात अर्थ नाही, बहुतेक फेऱ्या त्याहून वाईटच जायच्या. नवख्याला मात्र २० फेऱ्यांची वाट पाहावी लागत नाही. ५४ होलांचे गुण जमले की पहिला इंडेक्स मिळतो: तीन फेऱ्यांतला सर्वांत कमी डिफरन्शियल, वजा २. कमाल मर्यादा ५४, स्त्री-पुरुष सर्वांना सारखी.

प्रश्नकर्ती

आणि एखाद्या होलवर कुणाचा बोजवारा उडाला तर? त्या एका होलमुळे आकडा फुगेल ना?

तिसऱ्या प्रतिसादकाचं उत्तर

त्याची सोय आहे. हिशेबासाठी एका होलचे जास्तीत जास्त फटके म्हणजे पार अधिक २, अधिक त्या होलवर मिळणारे सवलतीचे फटके. याला नेट डबल बोगी म्हणतात. पार ४ च्या होलवर तुम्हाला एक फटका मिळत असेल आणि तुम्ही १० मारले, तर हँडिकॅपसाठी ७ धरतात. स्ट्रोक प्लेच्या, म्हणजे एकूण फटके मोजायच्या स्पर्धेत मात्र तुमचे १० ते १०च.

मुद्दाम वाईट खेळून हँडिकॅप फुगवणारेही असतात. त्यांना सँडबॅगर म्हणतात आणि गोल्फमध्ये याहून वाईट शिवी नाही, कारण त्यांच्यामुळे सगळ्यांचाच हिशेब खोटा ठरतो. गेल्या वर्षभरातल्या सर्वांत कमी इंडेक्सपेक्षा आकडा ३ हून जास्त चढला की पुढची वाढ निम्मीच धरतात आणि ५ च्या वर चढूच देत नाहीत.

एक गोष्ट राहिली. इंडेक्स घेऊन थेट खेळत नाहीत, त्या त्या कोर्ससाठी तो बदलून घेतात. इंडेक्सला स्लोपने गुणायचं, ११३ ने भागायचं आणि त्यात कोर्स रेटिंग वजा पार मिळवायचं. वरच्या खेळाडूचा इंडेक्स १८.४ धरा. पहिला कोर्स पार ७२ चा: २०.३५ मधून १.८ गेले, म्हणजे १९ फटके. दुसरा पार ७० चा: १७.९१ मधून २.१ गेले, म्हणजे १६. म्हणून 'तुझा हँडिकॅप किती?' या प्रश्नाला इंडेक्स सांगतात आणि 'आज किती फटके मिळतात?' याचं उत्तर कोर्स बघून देतात.

दुसरा प्रतिसाद

शून्याच्या खेळाडूला स्क्रॅच म्हणतात ना? तो शब्द तरी मराठीत येईल का?

पहिल्या प्रतिसादकाचं उत्तर

स्क्रॅच म्हणजे जमिनीवर ओढलेली आरंभरेषा. धावण्याच्या शर्यतीत ज्याला पुढून सुटण्याची सवलत नाही, तो त्या रेषेवरून सुटायचा. 'बिनसवलतीचा खेळाडू' म्हणता येईल, पण खेळणारे 'स्क्रॅच'च म्हणतात.

अनुवादात सर्वांत जपायचं ते 'प्लस'ला. स्क्रॅचहूनही सरस खेळाडूचा हँडिकॅप 'प्लस दोन' असा सांगतात, कारण त्याला आपल्या बेरजेत दोन फटके मिळवावे लागतात. गुणफलकावर मात्र प्लस दोन म्हणजे पारपेक्षा दोन जास्त, म्हणजे खराब. एकाच लेखात दोन्ही आले तर तिथे एक वाक्य जास्त घाला.

तुमच्या वाक्यासाठी माझी सूचना: शब्द 'हँडिकॅप'च ठेवा, पहिल्या उल्लेखाला 'सवलतीच्या फटक्यांचा आकडा' असा खुलासा जोडा. क्रियापद जपून निवडा. 'हँडिकॅप घटला' वाचून काहीतरी गमावल्यासारखं वाटतं आणि 'सुधारला' म्हटलं तर आकडा वर गेला की खाली ते कळत नाही. 'दोन वर्षांत तिने आपला हँडिकॅप २४ वरून ११ वर आणला.' यात मेहनत तिची आहे हेही येतं.

प्रश्नकर्ती

'आणला' घेते. आणि लेखात पुढे 'कोर्सचा उतार १३०' असं मी लिहून ठेवलं होतं, तिथे 'स्लोप रेटिंग' करते. मनापासून आभार.