सिझरनंतर टाक्याच्या टोकाशी राहिलेली कळ: तुमचे अनुभव लिहा

मुलगा आता सहा वर्षांचा आहे. त्याच्या वेळचा टाका बाहेरून इतका छान भरलाय की सांगितल्याशिवाय कळत नाही. पण त्या आडव्या रेघेच्या उजव्या टोकाला एक जागा आहे, रुपयाएवढी. परकराचा नाडा तिथे टेकला की करंट लागल्यासारखी कळ जांघेत उतरते. सहा वर्षांत मी तीनदाच साडी नेसले, आणि तिन्ही वेळा निऱ्या श्वास धरून खोचल्या.

आधी सगळे म्हणाले, सिझर आहे, दुखणारच. सवा महिना झाला, वर्ष झालं. मग गॅसच्या गोळ्या झाल्या, लघवीची तपासणी झाली, दोनदा सोनोग्राफी झाली. सगळं नॉर्मल. ते ऐकून मी रिक्षात रडले, कारण त्यानंतर घरात दुखतं म्हणायचीही चोरी झाली.

चौथ्या वर्षी पेन क्लिनिकमधल्या भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "एका बोटाने दाखवा." मी दाखवलं. त्यांनी तिथे बोट दाबून ठेवलं आणि मला झोपल्याझोपल्या डोकं-खांदे उचलायला लावले. कळ वाढली. पोटाच्या आतलं दुखणं असतं तर स्नायू ताठ झाल्यावर ते बहुधा वाढलं नसतं, त्या म्हणाल्या. हे पोटाच्या भिंतीतलं आहे. कमरेच्या मणक्यापासून निघून पोटाच्या स्नायूंच्या थरांमधून जांघेकडे येणाऱ्या दोन नसा आहेत, इलिओइंग्विनल आणि इलिओहायपोगॅस्ट्रिक. आडव्या छेदाची टोकं त्यांच्या वाटेत येतात. नस कधी ताणली जाते, कधी टाक्यात नाहीतर भरलेल्या व्रणात अडकते. सोनोग्राफीत पोटातले अवयव दिसले, ही नस कुणी शोधलीच नव्हती.

मग त्यांनी नसेजवळ भुलीचं इंजेक्शन दिलं. दहा मिनिटांनी मी टेबलावरून उतरले आणि नाडा करकचून बांधून पाहिला. काहीच नाही! संध्याकाळी दुखणं परत आलं, पण आता त्याचा पत्ता सापडला होता. आणखी दोन इंजेक्शनं आणि रात्रीची गोळी यांवर आज बरंच सुसह्य आहे. पूर्ण गेलेलं नाही.

तुमचं नेमकं कुठे दुखतं, कशाने वाढतं, घरी कसं सांगितलंत? लिहा. कितीही जुनं असलं तरी लिहा.

* * *

ताई, रुपयाएवढी जागा वाचलं आणि अंगावर काटा आला. मी नाशिकची, मुलगी तीन वर्षांची. माझं डावीकडे आहे. वरून कातडी बधिर आणि आतून मिरची लावल्यासारखी जळजळ. ओढणी घासली तरी सहन व्हायचं नाही. सगळ्यांनी पाठीतल्या इंजेक्शनला दोष दिला, म्हणून मीही वर्षभर पाठच शेकत बसले.

मला फिजिओथेरपीने गुण आला. आधी कापसाचा बोळा, नुसता फिरवायचा. पंधरा दिवसांनी मऊ पंचा, मग टॉवेल. दिवसातून चार वेळा, दोन-दोन मिनिटं. स्पर्श म्हणजे इजा नव्हे हे नसेला पुन्हा शिकवायचं, असं फिजिओथेरपिस्ट बाई सांगायच्या. पहिल्या आठवड्यात कापसानेसुद्धा डोळ्यांत पाणी यायचं. आता लेक कडेवर असताना तिची टाच तिथे लागते आणि मी चालत राहते.

* * *

गोळीबद्दल एक सांगते. मला प्रेगाबालिन, म्हणजे नसेच्या दुखण्यावरची गोळी, दिली होती. कळ कमी झाली, पण वर्गात शिकवताना शब्द आठवेनात, चक्कर यायची. वैतागून मी एका दिवसात बंद केली आणि चार रात्री झोपले नाही. ती हळूहळू उतरवायची असते. कुणीही स्वतःच्या मनाने थांबवू नका. अंगावर पाजत असाल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

* * *

माझंही टाक्यापाशीच दुखायचं, म्हणून नसच असेल असं मीही धरून चालले होते. पण माझं पाळीच्या दिवसांत वाढायचं आणि बोटाला सुपारीएवढी गाठ लागायची. ते एंडोमेट्रिओसिस निघालं, गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी व्रणात रुजलेल्या. गाठ काढल्यावर दुखणं गेलं. तेव्हा बायांनो, दुखल्याच्या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा. माझ्या डॉक्टरांना त्या तारखांवरूनच संशय आला.

* * *

मी सासू म्हणून लिहिते आहे. माझी दोन्ही बाळंतपणं घरी झाली. सुनेला मी म्हणायचे, आमच्या वेळी आम्ही पंधराव्या दिवशी पाणी भरलं. तिला शेक-शेगडी केली, डिंकाचे लाडू केले, आणि मनात म्हटलं, आता कसलं दुखणं! एकदा पहाटे उठले तर ती स्वयंपाकघरात ओट्याला धरून वाकून उभी होती, तोंडात पदराचा बोळा. आम्हाला जाग येऊ नये म्हणून. त्या दिवशी मीच तिला घेऊन दवाखान्यात गेले. हल्ली तिच्या परकरांचे नेफे मी उसवते आणि रुंद मऊ पट्टा शिवते, टाक्याच्या वर बसेल असा. जुनं बोलणं मागे घेता येत नाही. तिची माफी मागितली आहे.

* * *

सगळ्यांचं वाचते आहे. मला अजून गुण नाही. पहिलं इंजेक्शन पाच आठवडे टिकलं, दुसरं आठ दिवस. आता नस कापण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल विचारलं आहे. तेवढा भाग कायमचा बधिर होईल आणि तरी दुखणं जाईलच याची खात्री नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. यजमान म्हणतात, तू ठरव. सासरी दुसऱ्या मुलाचा विषय निघतो तेव्हा माझा हात आपोआप ओटीपोटावर जातो.

ही शस्त्रक्रिया झालेलं कुणी आहे का? बधिरपणाची सवय होते का? बाळ अकराच्या सुमारास झोपतं, त्यानंतर मी इथे येऊन बघेन.