शब्दचर्चा: 'तेंगकू'ला मराठीत राजपुत्र म्हणायचं का?

प्रश्न: मलेशियाच्या राजकारणावरचा एक लेख मराठीत करतोय. त्यात तेंगकू रझाली हमजा यांचं नाव सारखं येतं आणि मूळ इंग्रजी मजकुरात त्यांना केलांतान राज्याचे 'प्रिन्स' म्हटलंय. ह्याचं राजपुत्र करू, युवराज करू, का काहीच न करता तेंगकू तसंच ठेवू? आणि तेंगकू की टुंकू? मराठीत टुंकू अब्दुल रहमान असं वाचल्याचं आठवतंय. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद: युवराज तर अजिबातच नको, युवराज म्हणजे गादीचा ठरलेला वारस. राजपुत्रही नको, कारण रझाली सुलतानाचे चिरंजीव नाहीत. त्यांचे वडील तेंगकू मोहम्मद हमजा १९५३ ते १९५९ केलांतानचे 'मेंतेरी बेसार' होते, म्हणजे राज्याच्या सरकारचे प्रमुख. तेंगकू हा किताब जन्माने मिळतो, पुरुषांना आणि बायकांना एकच, तेव्हा 'पुत्र' शब्द तिथेच अडतो. आपल्याकडे उदयनराजे, संभाजीराजे ह्या नावांतलं 'राजे' जे काम करतं जवळपास तेच काम हा शब्द करतो, घराणं कळतं, ते आज राज्य करतात असं कुणी समजत नाही. मी तेंगकू तसंच ठेवीन आणि पहिल्या उल्लेखाला 'केलांतानच्या राजघराण्यातले' एवढं जोडीन.

प्रतिसाद: स्पेलिंगचं बघा, दोन्ही बरोबर आहेत, प्रांताप्रमाणे बदलतं. केदाह, जोहोर, नेगरी सेंबिलान इथे 'तुंकू' आणि केलांतान, तेरेंगानू, पहांग इथे 'तेंगकू'. पेराकच्या घराण्यात तर सरळ 'राजा' लावतात आणि तो राजा म्हणजे गादीवरचा राजा नव्हे, तेव्हा तिथे जास्तच सांभाळून. मलय त हा आपल्या त सारखा आहे त्यामुळे ट नको, पण अब्दुल रहमानांचं 'टुंकू' मराठीत रुळलंय ते राहू दे. त्यांना राजपुत्र म्हटलं तर चालेल बरं का, ते खरोखर केदाहच्या सुलतान अब्दुल हमीद यांचे पुत्र. १९५७ ला देशाचे पहिले पंतप्रधान झाले, आणि १९७० मध्ये केदाहचे सुलतान, म्हणजे त्यांचा पुतण्या, सुलतानांच्या पाळीप्रमाणे देशाचे राजे व्हायची वेळ आली तेव्हा पुतण्याच्या हाताखाली पंतप्रधान राहणं बरं नाही असं सांगून पायउतार झाले. अर्थात त्याआधी १३ मे १९६९ च्या दंगली झाल्या होत्या, त्यांचं पक्षातलं वजन तेव्हाच उतरलं होतं, नुसत्या नात्यावर जाऊ नका.

प्रतिसाद: वरच्या दोघांशी सहमत आहे पण मला वाटतं मुद्दा निव्वळ अचूकपणाचा नाहीये. राजपुत्र लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं हा माणूस गादीसाठी भांडतोय, आणि रझालींची सगळी कारकीर्द त्याच्या बाहेरची आहे. बँक बूमीपुत्राचे प्रमुख होते, १९७४ ला पेट्रोनास ही सरकारी तेल कंपनी निघाली तिचे पहिले अध्यक्ष, त्याच वर्षी खासदार, १९७६ ते १९८४ अर्थमंत्री आणि मग व्यापार-उद्योग खातं. म्हणजे ताकद आली ती तेल, बँक आणि पक्षातल्या माणसांमधून. लोक त्यांना 'कू ली' म्हणतात, तेंगकूमधला कू आणि रझालीमधला ली, त्यातही बघा किताबाचा अर्धा तुकडा घरगुती हाक होऊन बसलाय. २४ एप्रिल १९८७ ला अम्नो ह्या मलय लोकांच्या सत्ताधारी पक्षाच्या अध्यक्षपदासाठी ते तेव्हाचे पंतप्रधान महाथिर मोहम्मद यांच्याविरुद्ध उभे राहिले आणि ७१८ विरुद्ध ७६१, म्हणजे फक्त ४३ मतांनी हरले, पक्ष सरळ दोन गटांत फाटला, भांडण कोर्टात गेलं आणि फेब्रुवारी १९८८ मध्ये कोर्टाने अम्नो हा पक्षच बेकायदा ठरवला! महाथिरांनी लगेच नवा अम्नो काढला, कू लींनी 'सेमांगात ४६'. सेमांगात म्हणजे जोम, जिद्द, आणि ४६ हे जुना अम्नो स्थापन झाला ते १९४६ साल, म्हणजे खरा वारसा आमचाच असा दावा पक्षाच्या नावातच केला. वारसा म्हणायचाच तर तो हा, पक्षाचा. १९९० ला पास ह्या इस्लामी पक्षाबरोबर आघाडी करून केलांतान विधानसभेच्या सगळ्या ३९ जागा घेतल्या, पण देशपातळीवर जमलं नाही. मतदानाच्या तोंडावर साबाह राज्यात त्यांनी कादाझान लोकांची पारंपरिक टोपी घातल्याचा फोटो छापून आणला गेला, टोपीवरच्या नक्षीत क्रॉस दिसतो असा प्रचार झाला आणि मुस्लिम मतांवर त्याचा वाईट परिणाम झाला. ज्यांच्या घराण्याचा सुलतान त्या राज्यात इस्लामचा प्रमुख असतो त्यांच्याच धर्मनिष्ठेवर शंका घेतली गेली, मला हे फार अन्यायाचं वाटतं. किताबाने त्यांना तिथे काही वाचवलं नाही. तेव्हा अनुवादात तेंगकू ठेवा, राजपुत्र नको.

प्रश्नकर्ता: खूप आभार, विशेषतः सेमांगातसाठी, मी ते 'आत्मा' करून बसलो असतो. अजून दोन शंका आहेत. 'बूमीपुतेरा'ला सरळ भूमिपुत्र लिहू ना? आणि दुसऱ्या उल्लेखापासून नुसतं 'हमजा' लिहिलं तर?

प्रतिसाद: भूमिपुत्र शब्द संस्कृतातूनच गेलाय पण तिथे त्याला सरकारी वजन आहे. आपल्याकडे भूमिपुत्र म्हणजे स्थानिक माणूस, नोकऱ्यांच्या आंदोलनातला मराठी माणूस, कुठे शेतकरीसुद्धा. तिथे मलय आणि साबाह-सारावाकचे आदिवासी समाज हे बूमीपुतेरा, आणि १९७१ च्या नव्या आर्थिक धोरणापासून कंपन्यांच्या भांडवलात त्यांचा वाटा ३० टक्क्यांवर न्यायचं उद्दिष्ट ठरलं. पिढ्यान् पिढ्या तिथेच जन्मलेला तमिळ किंवा चिनी माणूस मलेशियन असतो, बूमीपुतेरा नसतो. म्हणून बूमीपुतेराच ठेवा, एकदा अर्थ द्या. 'मलय' आणि 'मलेशियन' पण ह्याच कारणाने एकमेकांच्या जागी वापरू नका, पेपरात हे फार होतं.

असे ओळखीचे वाटणारे शब्द खूप भेटतील, 'सेतिया' हा सत्यवरून आलाय पण अर्थ एकनिष्ठ, 'देर्हाका' मात्र द्रोहच. 'मेंतेरी बेसार'चं मुख्यमंत्री करायला हरकत नाही, फक्त सुलतान किंवा राजा असलेल्या राज्यांतच तो शब्द चालतो, पेनांग-मलाक्काला 'केतुआ मेंतेरी' म्हणतात.

प्रतिसाद: हमजाचं मी सांगते. हमजा आडनाव नाही, वडिलांचं नाव आहे. नुसतं हमजा लिहिलंत तर १९५० च्या दशकातल्या मेंतेरी बेसारांबद्दल बोलताय असं होईल, आणि तुमच्या लेखात दोघे येत असतील तर गोंधळच. दुसऱ्या उल्लेखापासून 'रझाली' किंवा 'तेंगकू रझाली' लिहा, 'कू ली' फक्त कुणाच्या तोंडचं वाक्य असेल तिथे. आणि लेख जुना असेल तर क्रियापदांचा काळ तपासा, त्यात ते खासदार 'आहेत' असं असेल, पण नोव्हेंबर २०२२ च्या निवडणुकीत गुआ मुसांग मतदारसंघात ते १६३ मतांनी हरले, १९७४ पासूनची खासदारकी तिथे संपली.