मदत हवी आहे: विद्युत मोटारगाडीची दुरुस्ती पाच आठवडे रखडली आहे

नमस्कार. माझी विद्युत मोटारगाडी चार्जिंग मध्येच थांबू लागल्याने ५ आठवड्यांपासून कोल्हापुरातील अधिकृत सेवा केंद्रात उभी असून, उच्च विद्युतदाबाच्या मुख्य बॅटरीचे काम जाणणारा तंत्रज्ञ पुण्याहून येईल, एवढेच उत्तर दर वेळी मिळते. १२ व्होल्टची छोटी बॅटरी बदलून तिचे पैसे घेतले, दोष मात्र तसाच आहे. मुख्य बॅटरीला ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी असली, तरी गाडीतील चार्जर त्यात येत नाही, असे आता तोंडी सांगतात. लेखी तपासणी अहवाल देत नाहीत. वडिलांना डायलिसिसला नेण्यासाठी मला ही गाडी लागतेच. बाहेरच्या जाणकाराला दाखवल्यास हमी धोक्यात येईल का? राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे, म्हणजे १९१५ वर, तक्रार करण्यापूर्वी कोणती कागदपत्रे जमवावीत, हे अनुभवी सभासदांनी कृपया सांगावे.