मदत हवी आहे: मित्रराष्ट्रावरचा दबाव कोणत्या सिद्धांतात बसवू?

अनिकेत_प
प्रबंधाचं एक प्रकरण अडलंय, गाइडना सोमवारी द्यायचंय. वास्तववादात (देश सत्ता आणि सुरक्षेसाठीच झगडतात असं मानणारा सिद्धांत) धमकी शत्रूला देतात. मित्रानेच मित्राचा हात पिरगळला तर? देश मैत्री का करतात यावरचा वॉल्ट वाचून झाला, उपयोग नाही. लवकर सांगा.

रेवा_क
कोणी, कोणाचा, कधी? पैशाने की सैन्याने? काहीच न सांगता काय सांगणार?

जुना_वाचक
आर्थिक निर्बंधांवर लिहिणारा ड्रेझ्नर घ्या, बाकी सोडा. मित्रांना पुढे भांडणं होतील असं वाटत नाही, त्यामुळे आज नमलो तर उद्या महागात पडेल ही धास्ती कमी. म्हणून मित्रावर दबाव क्वचितच येत असला, तरी आला की लागू पडतो.

सह्यकडा
खरं हत्यार स्विफ्ट, म्हणजे बँकांचं आंतरराष्ट्रीय संदेशजाळं. २०१२ मध्ये इराणच्या बँका त्यातून काढल्या, त्यावर लिहा.

रेवा_क
इराण कोणाचा मित्र? प्रश्न तरी वाचा.

अनिकेत_प
सुएझ, १९५६. नासरने कालवा ताब्यात घेतला म्हणून ब्रिटन, फ्रान्स, इस्राएल इजिप्तवर चालून गेले आणि अमेरिकेने मित्र ब्रिटनलाच पैशाने अडवलं. उघडच आहे ना.

रेवा_क
अजिबात उघड नव्हतं. असो. आधी दोन निकाल वेगळे करा: ६ नोव्हेंबरचा युद्धविराम आणि डिसेंबरमधली माघार. युद्धविरामाच्या वेळी सोव्हिएत पंतप्रधान बुल्गानिनचं ५ तारखेचं धमकीपत्र, संयुक्त राष्ट्रांचा दबाव, पाउंडवरचा ताण असं सगळं एकदम अंगावर आलं होतं. श्रेय एकट्या अमेरिकेच्या आर्थिक दबावाला देता येत नाही. माघारीत मात्र धागा स्पष्ट दिसतो. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची मदत अमेरिकेने अडवून धरली, ३ डिसेंबरला माघार जाहीर झाली, १० तारखेला ५६.१ कोटी डॉलर मंजूर. हमखास चूक: ब्रिटनच्या परकीय चलनाच्या गंगाजळीतली २७.९ कोटी डॉलरची घट अख्ख्या नोव्हेंबरची आहे, लोक ती ६ तारखेच्या मंत्रिमंडळ बैठकीला चिकटवतात.

पाउंड_स्टर्लिंग
ड्रेझ्नरने फार तर निम्मं काम होईल. ब्रिटन का वाकला हे कोहेन आणि नाय यांच्या विषम परस्परावलंबनातून (दोघे एकमेकांवर अवलंबून, पण जो जास्त अवलंबून तो कमजोर) कळतं. पाउंडचा दर २.८० डॉलरला बांधलेला. तो टिकवायचा तर गंगाजळीतले डॉलर विकत राहायचे. त्यात कालवा बंद, सीरियातली पाइपलाइन फोडलेली, म्हणजे अमेरिका खंडातलं तेल आणायचं आणि तेही डॉलर मोजून.

जुना_वाचक
ही झाली नस. ती मित्राने दाबावी का, हे तुमच्या कोहेन-नाय यांत कुठे आहे?

पाउंड_स्टर्लिंग
ते मित्रराष्ट्रांच्या संबंधांवर लिहिणाऱ्या स्नायडरमध्ये आहे. मित्राच्या युद्धात आपण ओढले जाऊ, ही भीती. आयसेनहॉवरना निवडणुकीच्या तोंडावर, हंगेरी पेटलेला असताना, इजिप्तच्या नासरविरुद्धच्या मोहिमेत नाव गुंतवायचं नव्हतं.

सह्यकडा
कालव्यावरच्या लंडन परिषदेत भारताच्या कृष्ण मेनन यांनी मांडलेल्या योजनेबद्दल कोणीच का बोलत नाही?

अनिकेत_प
त्याचा वेगळा धागा काढा. फ्रान्सचं काय? त्याने तर नाणेनिधीच्या मदतीची सोय ऑक्टोबरमध्येच करून ठेवली होती. तो का थांबला?

रेवा_क
संयुक्त मोहिमेचा सरसेनापती ब्रिटिश होता, ब्रिटन थांबल्यावर फ्रान्सला एकट्याने पुढे जाता येईना. म्हणून फ्रान्सला स्वतंत्र उदाहरण धरू नका. तुलनेला इस्राएल घ्या: फेब्रुवारी १९५७ मध्ये निर्बंधांचा इशारा, मार्चमध्ये माघार. तो औपचारिक मित्र नव्हता, हे मात्र तळटीपेत लिहा.