१६ ग्रॅम मिथेनमधून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड?

तुमच्या मुलीला पडलेला प्रश्न अगदी रास्त आहे: १६ ग्रॅम मिथेन जाळला, तर ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आला कुठून? वरचं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं. मिथेन जळण्याच्या समीकरणात (CH₄ + 2O₂ → CO₂ + 2H₂O) ऑक्सिजनचे दोन रेणू आहेत, म्हणून ३२ नव्हे, ६४ ग्रॅम धरायचे. बहुतेक मुलं नेमकी इथेच अडखळतात. १६ अधिक ६४ म्हणजे ८०. उजवीकडे ४४ अधिक पाण्याचे ३६, तेही ८०. वस्तुमान कुठेही वाढलं नाही.

तिला पुण्यातल्या पीएमपीच्या सीएनजी बसचं उदाहरण द्या. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेनच. १ किलो मिथेन पूर्ण जळायला ४ किलो ऑक्सिजन लागतो आणि २.७५ किलो कार्बन डायऑक्साइड व २.२५ किलो पाणी तयार होतं. पाणी खरंच होतं हे दाखवायचं असेल, तर गार पाण्याने भरलेलं, बाहेरून कोरडं पातेलं गॅसवर ठेवा. क्षणभर बुडाशी दव धरतं. मुलांना हे जरूर दाखवावं, नुसती गणितं घोटून घेऊ नयेत.

तिला करायचा असलेला इंधनांच्या उपयोगांचा तक्ता ती पुस्तकातून करेलच. फक्त एलपीजीसमोर मिथेन लिहू देऊ नका, त्यात प्रोपेन आणि ब्युटेन असतात.